रॉस २: सबस्क्रायबरच्या कॉलबॅकमध्ये जर-तर किती लिहायचं? (ट्रॉली कधी थांबते, कधी नाही)

रबाळे_रात्रपाळी

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत प्लॅस्टिक मोल्डिंगचं एक छोटं युनिट आहे, तिथे मी मेंटेनन्सला आहे. मशीनपासून पॅकिंगपर्यंत क्रेट नेणारी ट्रॉली आम्ही शेडमध्येच बनवली. दोन मोटरची चाकं, मागे कॅस्टर, पुढच्या काठावर लायडर (लेझर किरणांनी अंतर मोजणारा सेन्सर; समोरचे १८० अंश, सेकंदाला १० स्कॅन), आत छोटा कॉम्प्युटर. उबुंटू २२.०४, रॉस २ ची हंबल आवृत्ती, कोड पायथनमध्ये. (नवख्यांसाठी: रॉस २ ही रोबोटची सॉफ्टवेअर चौकट. त्यात नोड नावाचे छोटे प्रोग्रॅम टॉपिक नावाच्या वाटांवर मेसेज पाठवतात. ऐकणारा तो सबस्क्रायबर, आणि मेसेज आला की त्याचं जे फंक्शन चालतं तो कॉलबॅक.) सुपरवायझरच्या हातात टॅब असतो, त्यावरून रॉसब्रिजने (बाहेरच्या ॲपला रॉसशी जोडणारा पूल) "चल" आणि "थांब" जातं.

कंपनीचा कोड जसाच्या तसा टाकता येत नाही, म्हणून मराठीत उतरवतो:

स्कॅन_आला(मेसेज):
— जर किमान(मेसेज.अंतरं) < ०.५ → वेग(०)
— नाहीतर → वेग(०.६)

हुकूम_आला(मेसेज):
— जर मेसेज == "थांब" → वेग(०)
— जर मेसेज == "चल" → वेग(०.६)

त्रास असा. टॅबवर "थांब" दाबलं तरी ट्रॉली ऐकत नाही. समोर माणूस आला की बहुतेक वेळा थांबते, पण मधूनच सरळ पुढे जाते आणि लॉगमध्ये काहीही नसतं. अर्ध्या मीटरच्या आसपास पॅलेट उभं असलं की जागच्या जागी गचके देत राहते. प्रत्येक त्रासावर मी कॉलबॅकमध्ये एक नवीन जर घालतो, आणि तो घातला की दुसरीकडे काहीतरी बिघडतं. अटी कॉलबॅकमध्येच लिहायच्या असतात की बाहेर? जाणकारांनी मार्ग दाखवावा.

ऐरोलीकर

"थांब"चं आधी उरकून टाकू. मेसेज ही अख्खी वस्तू आहे, मजकूर तिच्या 'डेटा' या खान्यात असतो. वस्तूची तुलना मजकुराशी केली तर पायथन भांडत नाही, मुकाट्याने "नाही" म्हणतो. मेसेज.डेटा लिही. आणि टॅबवरून येणाऱ्या मजकुरामागे स्पेस किंवा नवी ओळ चिकटलेली असते, ती छाटून मग तुलना कर.

खरं तर इथे स्ट्रिंग (नुसत्या मजकुराचा मेसेज) वापरूच नये. स्टँडर्ड मेसेजमधली ती स्ट्रिंग नमुन्यापुरती होती. रॉस २ च्या फॉक्सी आवृत्तीपासून (२०२०) ती वापरू नका, आपल्या कामाला नेमका मेसेज बनवा, असं त्या फाइलीतच लिहून ठेवलंय. एक पूर्णांक आणि दोन-तीन नावं दिलेले स्थिरांक घे. मजकुराच्या तुलनेत ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी ट्रॉली धावत राहील, हे परवडणारं नाही.

कोपरखैरणे_कट्टा

म्हणजे ट्रॉलीलाही शुद्धलेखन आलं पाहिजे. इथे आपल्या लोकांना येत नाही.

तलावपाळी

"थांब"पेक्षा तुझा दुसरा त्रास जास्त गंभीर आहे, कारण त्यात माणूस समोर असतो.

लायडरचा ड्रायव्हर एखाद्या किरणाला नीट माप मिळालं नाही तर त्या जागी 'नॅन' ('ही संख्या नाही' अशी खूण) भरतो. नॅनची कुठल्याही संख्येशी केलेली तुलना खोटी ठरते. नॅन < ०.५ खोटं, नॅन > ०.५ पण खोटं. आता पायथनचा किमान कसा चालतो बघ. तो पहिली संख्या हातात धरतो आणि पुढची प्रत्येक संख्या हातातल्यापेक्षा लहान आहे का विचारतो. नॅन मधे कुठेतरी आला तर काही बिघडत नाही, तो कोणापेक्षाच लहान ठरत नाही आणि वगळला जातो. पण पहिलाच किरण नॅन असला तर हातात नॅन राहतो, आणि त्याच्यापेक्षा लहान कोणीच ठरत नाही. समोर ०.२ मीटरवर माणूस असला तरी किमान नॅनच येतं. मग तुझी अट खोटी, "नाहीतर" लागू, वेग ०.६. एरर नाही, लॉग नाही.

ते "मधूनच" कधी होतं, याचा शोध घे. यादीतला पहिला किरण म्हणजे सर्वात कमी कोनाचा. रॉसमध्ये कोन घड्याळाच्या उलट दिशेने वाढतात, म्हणजे तुझ्या बाबतीत तो अगदी उजव्या बाजूचा किरण. लायडरच्या उजव्या अंगाला काय आहे?

थर्ड_इयर

मी कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये फक्त 'फायनाइट' असलेली (म्हणजे नॅन किंवा अनंत नसलेली) मापं ठेवायचो आणि बाकी सगळी फेकून द्यायचो. नॅनचा प्रश्न सुटतो. एका ओळीचं काम आहे.

तलावपाळी

@थर्ड_इयर, एका ओळीत दोन खड्डे आहेत.

आरईपी ११७ नावाचा रॉसचा संकेत आहे. त्यात तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत: धन अनंत म्हणजे पल्ल्यात काहीच सापडलं नाही, ऋण अनंत म्हणजे वस्तू मोजता येणार नाही इतकी जवळ आहे, आणि नॅन म्हणजे माप बिघडलं. तू फायनाइट ठेवलेस की "रस्ता मोकळा" आणि "नाकाला टेकलंय" हे दोन्ही एकाच कचऱ्याच्या डब्यात गेले. शिवाय सगळे ड्रायव्हर हा संकेत पाळत नाहीत. स्वस्त लायडर बिघडलेल्या मापाला शून्य देतात, काही अतिजवळच्या वस्तूलाही नॅनच देतात. आपला कोणता आहे ते लायडरसमोर पुठ्ठा धरून, हळूहळू जवळ आणून, छापलेले आकडे बघूनच कळतं. दहा मिनिटांचं काम आहे आणि फार लोक ते करत नाहीत.

दुसरा खड्डा: मोकळ्या जागेत सगळीच मापं अनंत आली तर छाटून यादी रिकामी उरते. रिकाम्या यादीचा किमान काढला की पायथन एरर फेकतो. रॉस १ मध्ये रॉसपाय (तिथली पायथन लायब्ररी) ती एरर पकडून लॉगमध्ये टाकायचा आणि पुढे चालायचा. रॉस २ च्या पायथनमध्ये ती स्पिनमधून (कॉलबॅक चालवत राहणाऱ्या लूपमधून) बाहेर पडते आणि नोड संपतो. नोड संपला म्हणजे मोटर थांबली असं नाही. शेवटचा वेग ज्याच्याकडे पोचलाय तो तसाच चालू ठेवू शकतो.

म्हणून कॉलबॅकमध्ये पहिली चाळण अशी: माप किमान पल्ला ते कमाल पल्ला यांच्यात असेल तर खरं माप. धन अनंत म्हणजे मोकळं. ऋण अनंत म्हणजे अडथळा. नॅन आणि शून्य म्हणजे "माहीत नाही". आणि "माहीत नाही"चं प्रमाण ठरावीक हद्दीपेक्षा वाढलं, तर तो अख्खा स्कॅन नापास.

रबाळे_रात्रपाळी

ताई, दंडवत घ्या. भरलेल्या ट्रॉलीवर क्रेट बांधायचा बेल्ट असतो. त्याचा मोकळा शेव लायडरच्या बरोबर उजव्या अंगाने खाली लोंबतो, बोटभर अंतरावर. रिकाम्या ट्रॉलीला बेल्ट नसतो. आम्ही चाचण्या सगळ्या रिकाम्या ट्रॉलीवर घेतल्या. आत्ता बेल्ट लावून आकडे छापले: पहिल्या किरणाला नॅन.

नट_बोल्ट_वायसर

बेल्ट सापडला, छान. पण मूळ आखणी तशीच आहे. वागळे इस्टेटमध्ये माझं अर्धं आयुष्य कंट्रोल पॅनेलसमोर गेलंय, त्या नजरेने सांगतो.

तुमच्याकडे दोन कॉलबॅक आहेत आणि दोघेही मोटरला वेग पाठवतात. सुपरवायझरने "थांब" म्हटलं, एका कॉलबॅकने शून्य पाठवलं. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात पुढचा स्कॅन आला, समोर मोकळं होतं, दुसऱ्या कॉलबॅकने ०.६ पाठवलं. म्हणजे ऐरोलीकरांनी सांगितलेली दुरुस्ती केलीत तरी तुमची ट्रॉली "थांब" ऐकणार नाही, फार तर एकदा उचकी देईल. मोटरला वेग देणारा एकच हवा. (वेग पाठवणारे नोडच अनेक असतील, जॉयस्टिक, नेव्हिगेशन वगैरे, तर ट्विस्ट मक्स नावाचं तयार पॅकेज आहे, ते अग्रक्रमाने एकाचंच पुढे जाऊ देतं.)

आता मुख्य मुद्दा. कॉलबॅक मेसेज आल्यावर चालतो. त्यामुळे त्यात लिहिलेली कुठलीही अट आलेल्या मेसेजबद्दलच असू शकते. लायडरची वायर सुटली, ड्रायव्हर मेला, टॅबचं वायफाय गेलं, की तुमचा कॉलबॅक चालणारच नाही, मग आत पन्नास जर असले काय नि शंभर असले काय. आणि कारखान्यात अपघात होतो तो बहुतेक ह्याच शांततेत. सोसायटीचा वॉचमन कोण आलं ते वहीत लिहितो; कोण आलं नाही ते वही वाचणाऱ्यालाच कळतं. कॉलबॅकला वॉचमन करा. त्याने मेसेज तपासावा, चाळावा, आपल्या घड्याळातली वेळ टाकून नोंद ठेवावी, बस. वही वाचायला वेगळा टायमर लावा, सेकंदाला २० वेळा. मेसेज येवोत न येवोत, तो चालणार. त्याला प्रत्येक नोंदीचं वय दिसतं. अटी सगळ्या तिथे, एकाखाली एक, आणि सर्वात वर थांबवणाऱ्या.

गचक्यांचं कारण तुमचा ०.५ हा एकच आकडा. माप ०.४९ आणि ०.५१ मध्ये हलतं, लायडरला तेवढी थरथर असतेच. थांबायची हद्द एक आणि निघायची दुसरी ठेवा: ०.५ ला थांब, ०.७ च्या पुढे सलग काही स्कॅन मोकळे दिसले तर नीघ. थर्मोस्टॅट, कॉम्प्रेसरचा प्रेशर स्विच, टाकीचा फ्लोट, सगळे असेच चालतात.

आणि तो ०.५ कुठून आणलात? वेग ०.६ मीटर प्रति सेकंद, ब्रेक लागताना वेग सेकंदाला ०.५ ने उतरतो असं धरू. वेगाचा वर्ग भागिले दुप्पट मंदन: ०.३६ भागिले १, म्हणजे ०.३६ मीटर. त्याआधी स्कॅनची वाट पाहण्यात जास्तीत जास्त ०.१ सेकंद आणि टायमरची ०.०५, त्यात ट्रॉली ०.०९ मीटर पुढे गेली. झाले ०.४५. हातात उरले पाच सेंटिमीटर. भरलेल्या ट्रॉलीचं मंदन याहून कमी, तेलकट फरशीवर आणखी कमी. एक तर हद्द वाढवा नाहीतर वेग उतरवा. आणि लायडर बंपरच्या जितका मागे, तितकं आणखी वजा.

कोपरखैरणे_कट्टा

वायसरकाका पाच सेंटिमीटर म्हणतायत आणि मला सकाळची ठाणे-वाशी लोकल आठवली. तिथे तेवढंही नसतं.

रबाळे_रात्रपाळी

काका, टायमरवर आणलं. गचके बंद. "थांब" पहिल्या फटक्यात ऐकते.

मधे नवीन घोळ. सगळं स्वच्छ लिहावं म्हणून लायडर वाचणारा नोड वेगळा केला, तर त्याच्या कॉलबॅकला एकही मेसेज येत नाही. टर्मिनलवर टॉपिक एको (येणारे मेसेज छापणारी कमांड) केलं तर स्कॅन धो धो दिसतात. जुन्या नोडमधली सबस्क्रिप्शनची ओळ दुसऱ्या कोणी लिहिली होती.

ऐरोलीकर

सबस्क्राइब करताना शेवटी नुसता १० (रांगेची लांबी) दिलास का? तो दिला की क्यूओएस (मेसेज कसा पोचवायचा त्याचे नियम) "रिलायबल" होतं, म्हणजे हरवलेला मेसेज पुन्हा पाठवायचा. बरेच लायडर ड्रायव्हर "बेस्ट एफर्ट"ने (हरवला तर हरवला) पाठवतात. पाठवणारा बेस्ट एफर्ट आणि ऐकणारा रिलायबल मागतोय, तर त्यांची जोडीच जुळत नाही. उलटं चालतं. एको मात्र पाठवणाऱ्याचं क्यूओएस बघून स्वतःला जुळवून घेतो, म्हणून तिथे दिसतं आणि माणूस वेडा होतो. नोड सुरू होताना न जुळणाऱ्या क्यूओएसची एक वॉर्निंग येते, ती वर सरकून गेली असेल. टॉपिक इन्फोला व्हर्बोज लावून दोन्ही बाजू बघ.

सेन्सर डेटाचं तयार प्रोफाइल वापर: बेस्ट एफर्ट, शेवटचे ५. तुझ्या कामाला मी ५ पण ठेवणार नाही, १ ठेवेन. जुना स्कॅन घेऊन काय करायचंय?

थर्ड_इयर

मग "मेसेज आला नाही" हे पण क्यूओएसनेच कळेल ना? डेडलाइन नावाचं धोरण आहे. ठरलेल्या वेळेत मेसेज आला नाही तर वेगळा कॉलबॅक चालतो. टायमर कशाला?

तलावपाळी

आहे, आणि चांगलं आहे. पण ऐकणाऱ्याने डेडलाइन मागितली आणि पाठवणाऱ्याने कबूल केली नाही, तर वरच्यासारखीच जोडी तुटते. ड्रायव्हर दुसऱ्याने लिहिलेला असतो, त्यात डेडलाइन नसते, म्हणजे पाठवणाऱ्याची मुदत अमर्याद. तू ०.३ सेकंद मागितलेस की येत होते ते स्कॅनही बंद. शिवाय डेडलाइन फक्त पोचल्याची खात्री देते. तोच गोठलेला स्कॅन पुन्हा पुन्हा येत असेल तर तिला पत्ता लागत नाही. वय टायमरमध्येच बघ.

वयाबद्दल अजून एक. हेडरमधला स्टॅम्प आणि आपल्याकडे मेसेज पोचल्याची वेळ ही दोन वेगळी वयं आहेत. स्टॅम्प सांगतो माप किती जुनं आहे, पोचल्याची वेळ सांगते वाट जिवंत आहे का. लायडर त्याच कॉम्प्युटरवर असेल तर दोन्ही बघ. टॅबसारख्या दुसऱ्या यंत्राच्या घड्याळावर मात्र विसंबू नकोस. तिथे पोचल्याची वेळच धर.

नट_बोल्ट_वायसर

टॅबचा विषय निघालाच आहे तर: "चल" एकदाच पाठवता की बटण दाबलेलं असेपर्यंत? एकदाच पाठवत असाल तर वय मोजून उपयोग नाही, ते वाढतच जाणार. टॅबने सेकंदाला पाच वेळा "चल" पाठवत राहावं, आणि एक सेकंद काही आलं नाही की ट्रॉली उभी. क्रेनच्या पेंडंटला (लोंबती बटणपेटी) बोट उचललं की क्रेन थांबते, तसाच नियम.

ऐरोलीकर

इथे मी काकांशी सहमत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये वायफाय कसं असतं ते तुर्भे ते महापे कुठेही जाऊन बघा. मोल्डिंग मशीनच्या मागे गेलं की दोन-दोन सेकंद गायब. ट्रॉली दर फेरीत तिथे उभी राहील आणि आठवड्याभरात ऑपरेटर तो नियम कोडमधून काढून टाकायला लावेल. ट्रॉली स्वतःच्या डोळ्यांनी चालते ना? मग "चल" म्हणजे "अमुक ठिकाणी जा" असा एक ॲक्शन गोल करा: पाठवला, स्वीकारला, चालू आहे, रद्द केला. जोडणी तुटली तर चालू फेरी पूर्ण करून थांबावं.

नट_बोल्ट_वायसर

फेरी पूर्ण करावी हे ठीक, पण मग त्या दोन सेकंदांत सुपरवायझरने "थांब" दाबलं तर? त्याच्या हातातलं बटण खोटं झालं. खोटं बटण देण्यापेक्षा बटण न दिलेलं बरं.

ऐरोलीकर

म्हणूनच टॅबवर "थांब" नव्हे, "फेरी रद्द" लिहावं. थांबवायचं बटण ट्रॉलीवर.

पॅनेलवाला

शेवटी कोणीतरी ट्रॉलीवरच्या बटणाकडे आलं!

इमर्जन्सी स्टॉप हा टॉपिक नाही हो. लाल मशरूम बटणाचा एनसी काँटॅक्ट (एरवी जोडलेला, दाबलं की तुटणारा) थेट मोटरच्या सप्लायच्या काँटॅक्टरमध्ये (विजेवर चालणारा मोठा स्विच) घ्या. वायर तुटली तरी मोटर बंद पडली पाहिजे. पायथन, लिनक्स, वायफाय यांतलं काहीही त्या वाटेत येता कामा नये. त्याचा दुसरा काँटॅक्ट खुशाल कॉम्प्युटरला द्या, म्हणजे सॉफ्टवेअरला कळेल की आपण का उभे आहोत. आयएसओ १३८५० मध्ये (इमर्जन्सी स्टॉपचं आंतरराष्ट्रीय मानक) आणखी एक गोष्ट आहे, ती लोक कोडमध्ये विसरतात: बटण फिरवून सोडलं म्हणून यंत्र आपोआप सुरू व्हायचं नाही. सोडणं वेगळं, पुन्हा चालू करायचा हुकूम वेगळा. म्हणजे तुमच्या त्या टायमरमध्ये "बटण दाबलंय का" एवढी अट पुरत नाही, "दाबलं गेल्यानंतर कोणी रिसेट केलंय का" ही पण हवी. चालकाशिवायच्या ट्रॉल्यांना आयएसओ ३६९१-४ आहे, तो वाचून घ्या. आणि माणसासाठी थांबायचं काम साध्या लायडरवर टाकलंय हे मालकाच्या कानावर घाला. त्या कामाचे सेफ्टी स्कॅनर वेगळे असतात, महाग असतात, आणि ते थेट रिलेला जोडतात.

तलावपाळी

पॅनेलवाल्यांना +१. ह्याच्याशीच जोडून: हुकुमाच्या टॉपिकला कोणी "ट्रान्झियंट लोकल" लावलंय का ते बघ. ते दोन्ही बाजूंना असलं की उशिरा जोडलेल्या नोडलाही आधी पाठवलेला मेसेज मिळतो. नकाशासारख्या गोष्टीला ते हवंच. पण हुकुमाला लावलं तर नोड रीस्टार्ट झाल्याबरोबर अर्ध्या तासापूर्वीचं "चल" येऊन पडेल, आणि तुझ्या घड्याळात ते आत्ता पोचलेलं असल्यामुळे वयाच्या अटीतूनही सुटेल.

रबाळे_रात्रपाळी

बघितलं, हुकूम व्होलाटाइल (जुने मेसेज न साठवणारा) आहे. बटणाचं पॅनेलवाले साहेबांनी सांगितलं तसं करतोय, काँटॅक्टर आणलाय.

रिसेटच्या कोडबद्दल विचारायचं होतं. बटण सुटल्यावर तीन सेकंद थांबून भोंगा वाजवायचा आहे. बटणाच्या कॉलबॅकमध्ये स्लीप तीन टाकलं तर त्या वेळात टायमर पण गप्प होतो असं दिसतंय. मल्टिथ्रेडेड एक्झिक्युटर (एका वेळी अनेक कॉलबॅक चालवू शकणारा) लावून बघितला, तरी तेच.

ऐरोलीकर

साधा एक्झिक्युटर एका वेळी एकच कॉलबॅक चालवतो. तू आत झोपलास की सगळा नोड झोपला: स्कॅन, टायमर, सगळं. उठल्यावर रांगेत साठलेले स्कॅन जुन्यापासून सुरू होतात. रांग १० ची आणि लायडर सेकंदाला १० चा, म्हणजे पहिला हातात येतो तो साधारण सेकंदभर शिळा.

मल्टिथ्रेडेड लावून फरक पडला नाही कारण नोडमधले सगळे कॉलबॅक आपोआप एकाच गटात जातात आणि तो गट "एका वेळी एक" असाच असतो. वेगळे कॉलबॅक ग्रुप करून द्यावे लागतात. पण तू त्या वाटेला जाऊच नकोस, मग सामायिक नोंदींना कुलपं लावत बसशील. स्लीप काढ. बटण सुटल्याची वेळ नोंदव. टायमर दर वेळी बघेल की तीन सेकंद झाले का. आणखी वाईट प्रकार म्हणजे कॉलबॅकमध्ये व्हाइल लूप लावून दुसऱ्या टॉपिकची वाट बघणं. तो दुसरा कॉलबॅक कधी चालणारच नाही, कारण पहिला उठत नाही.

थर्ड_इयर

एक शंका. सहा ट्रॉल्या झाल्या आणि सगळ्यांचे हुकूम एकाच टॉपिकवर आले तर कॉलबॅकमध्ये "माझा नंबर आहे का" असा जर लिहायचा?

तलावपाळी

प्रत्येक ट्रॉलीला नेमस्पेस (टॉपिकच्या नावाआधी लागणारं तिचं नाव) दे, टॉपिकच वेगळे होतील. नाइलाजाने एकच टॉपिक असेल तर हंबलपासून सी प्लस प्लसमध्ये कंटेंट फिल्टर आहे: सबस्क्राइब करतानाच एसक्यूएलसारखी अट द्यायची, नको तो मेसेज कॉलबॅकपर्यंत येतच नाही. फास्ट डीडीएसवर चालतं, सायक्लोनवर नाही (रॉसखाली मेसेज वाहून नेणारे हे दोन पर्याय). पण सहा ट्रॉल्यांसाठी नेमस्पेसच.

रबाळे_रात्रपाळी

आत्ता टायमर असा झालाय. कोणाला काही खटकलं तर सांगा:

निर्णय(), दर ०.०५ सेकंदाला:
— जर बटण दाबलेलं किंवा रिसेट बाकी → वेग(०), कारण "बटण"
— जर स्कॅनचं वय > ०.३ → वेग(०), कारण "लायडर गप्प"
— जर स्कॅन नापास → वेग(०), कारण "मापं बिघडली"
— जर फेरी चालू नाही → वेग(०), कारण "काम नाही"
— जर अडथळा (०.६ ला थांब, ०.८ ला नीघ) → वेग(०), कारण "अडथळा"
— नाहीतर → वेग(०.४)

कारण बदललं तरच लॉगमध्ये ओळ पडते. आता रात्रीतून ट्रॉली कुठे कितीदा का थांबली ते सकाळी वाचता येतं, आणि मालक पहिल्यांदाच लॉग मागून वाचतोय.

हा निर्णय मी रॉसशिवायचं साधं फंक्शन केलाय: नोंदी आत, वेग आणि कारण बाहेर. त्यामुळे लॅपटॉपवर नॅन, रिकामी यादी, शिळा स्कॅन सगळं खोटं देऊन तपासता आलं.

एकच उरलंय. पॅकिंगच्या दारात पीव्हीसीच्या पट्ट्यांचा पडदा आहे. माणसं तो सारून जातात, पण ट्रॉलीला तो भिंत दिसतो. विचार असा की ट्रॉली नकाशावर दाराच्या चौकोनात असेल तर वेग ०.१५ करायचा आणि अडथळ्याची अट तेवढ्यापुरती सोडायची. पुढे दाबाचा बंपर लावणार, तो काँटॅक्टरच्या सर्किटमध्ये. जागा एएमसीएलच्या (लायडरवरून नकाशातली जागा ओळखणारा प्रोग्रॅम) पोझवरून (जागा आणि दिशा) घेतो, आणि पोझचं वय अर्ध्या सेकंदावर गेलं की वेग(०).

पॅनेलवाला

बंपर आधी, कोड नंतर. पडद्यामागे माणूस उभा असतो आणि तो तुमच्या लायडरला दिसत नसतो. ०.१५ वर बंपर दबल्यापासून ट्रॉली किती सरकते ते भरलेल्या क्रेटनिशी मोजा, बंपरची दबण्याची जागा त्याहून जास्त हवी.

तलावपाळी

फंक्शन छान जमलंय. पण पोझच्या वयाची अट काढ, नाहीतर ट्रॉली दारात अडकेल आणि परत हलणार नाही. एएमसीएल पोझ पाठवतं ते ट्रॉली ठरावीक हलल्यावर. नॅव्ह २ मध्ये (रॉस २ चं नेव्हिगेशन पॅकेज) मुळात ०.२५ मीटर किंवा ०.२ रेडियन असतं. ट्रॉली कुठल्याही कारणाने उभी राहिली की पोझ येणं बंद, अर्ध्या सेकंदात वय ओलांडलं, तुझी अट म्हणाली थांब. थांबलेली आहे म्हणून पोझ नाही, पोझ नाही म्हणून थांबलेली. ०.१५ ने चालत असतानाही २५ सेंटिमीटर जायला दीड सेकंदाच्या वर लागतात, म्हणजे तिथेही अडकणार.

लायडर गप्प झाला तर तो मेला. एएमसीएल गप्प असेल तर बहुधा ट्रॉली उभी आहे एवढंच. प्रत्येक टॉपिकसाठी हे वेगळं ठरवावं लागतं, सगळ्यांना एकच वयोमर्यादा लावता येत नाही.

जागा टीएफमधून (कोण कुठे आहे याचे दुवे ठेवणारी रॉसची व्यवस्था) घे, नकाशा ते ट्रॉलीचा पाया. त्यातला नकाशा ते ओडोम (चाकांवरून मोजलेली जागा) हा दुवा एएमसीएल स्कॅनबरोबर पुन्हा पाठवत राहतं, उभ्या ट्रॉलीतही. वय त्याचं मोज.

रबाळे_रात्रपाळी

अच्छा, म्हणून काल दारात उभी राहिली होती आणि हाताने ढकलली की चालू पडत होती! ऑपरेटर म्हणत होते बॅटरी गेली. टीएफवर घेतो. बंपरची पट्टी लागेपर्यंत पडदा दोरीने बांधून ठेवलाय.